प्रवाळकुंडातील उष्णतामान : एक ऐतिहासिक टिपण

'मत्स्यालय' हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे. १९५१ मध्ये मुंबईस उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावातही तोच आढळतो. परंतु या शब्दाने दृष्टी माशावर खिळते. इंग्रजीतील 'अॅक्वेरियम' हा शब्द लॅटिनमधून आला. तेथे त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 'व्हिव्हेरियम' हा आधीचा शब्द हळूहळू मागे पडला. या नव्या शब्दात मासा नाही, पाणी आहे. आणि घरगुती प्रवाळकुंडाचा इतिहास पाहता तोच वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, असे म्हणावे लागते. कुंडाच्या धन्याला सांभाळावे लागते ते पाणी, आणि त्यातही त्याचे उष्णतामान.

घरात प्रवाळ जगविण्याचा मान बहुधा अॅना थिन या बाईंकडे जातो. १८४६ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की येथील किनाऱ्यावरून त्यांनी काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची दासी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. हे प्रवाळ थंड समुद्रातले, एकेकटे राहणारे होते. त्यांना ऊब नको होती. उलट उन्हाळ्यात दिवाणखान्यातील पाणी तापू न देणे हीच खरी अडचण होती. विल्यम आल्फर्ड लॉइड याने ती मोठ्या प्रमाणावर सोडविली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेल्या मत्स्यालयात त्याने प्रेक्षकांपुढील टाक्यांच्या अनेक पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेविले व ते सतत फिरते राखले. जलसंचय जितका मोठा, तितका तो सावकाश तापतो व सावकाश निवतो, हे त्यामागील साधे तत्त्व होय. आजचा हौशी पाळणारा कुंडाखाली दुसरी टाकी बसवितो. त्या टाकीचे इतर उपयोग असले, तरी या बाबतीत तो लॉइडचाच वारसदार आहे.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपले 'पोवळे' हे संस्कृत 'प्रवाल' शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. पण माळेत ओवले जाणारे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील निराळ्या प्राण्याचे असते, आणि त्याला उष्ण पाणी मानवत नाही. खडक रचणारे उष्ण कटिबंधातील प्रवाळ त्याहून वेगळे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले वस्ती करून असतात व प्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पुरवितात. हे प्राणी सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगतात, असे आल्फ्रेड मेयर याने १९१४ मध्ये दाखवून दिले होते. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेनंतर यंग व निकोल्स यांनी, ताप वाढला म्हणजे प्रवाळ ती शैवाले बाहेर टाकतात, असे नोंदविले. मग पारदर्शक देहाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून जेमतेम एक अंश अधिक ताप काही आठवडे टिकला, तरी एवढे घडते. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. एक अंश म्हणजे काय, हे यावरून कळावे.

घरात असे प्रवाळ राखण्याची सोपी रीत १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग याने एका अमेरिकन मासिकात मांडली : समुद्राचे पाणी, सजीव खडक, हवेचे मंद बुडबुडे आणि ऊन. मात्र जाकार्ताची हवा जे काम फुकट करीत होती, ते थंड देशांत तापक नळीला करावे लागते. पुढे १९७० नंतरच्या दशकांत जर्मन हौशी लोकांनी प्रवाळांसाठी प्रखर दिवे लावले आणि प्रश्न उलटला. आता उष्णता दिव्यांतूनच येऊ लागली, आणि शीतकयंत्राची गरज भासू लागली. अलीकडच्या एलईडी दिव्यांनी हा भार बराच हलका केला आहे.

यंत्राशिवाय थंडाव्याचा उपाय म्हणजे पाण्यावर वारा घालणारा पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे १०० लिटरांच्या कुंडाचा ताप हिशेबाने पाचसहा अंश उतरावा. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता परत येतच असल्याने तो इतका उतरत नाही. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावयाची, कारण मीठ मागेच राहते. उलट तापक नळी अडकून चालूच राहिली, तर एका रात्रीत सर्व संपते. म्हणून जाणते लोक एका मोठ्या नळीऐवजी दोन लहान नळ्या वापरतात. पंख्याचा उपाय पुण्याच्या कोरड्या एप्रिलात उत्तम चालतो. कोकणच्या दमट हवेत वाफ नीट होत नाही आणि तो लंगडा पडतो. अर्थात भारतात खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून एखादा तुकडा काढून घरी नेणे हा गुन्हा आहे.