नावामुळे गेलेले गुण
लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलकडे दरवर्षी सुमारे २५०० अर्ज येत. ते चाळता चाळता प्राध्यापकांच्या नाकी नऊ येत. म्हणून डॉ. जेफ्री फ्रँगलेन यांनी संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला. १९७९ मध्ये तो तयार झाला आणि १९८२ पर्यंत पहिली चाळणी पूर्णपणे त्याच्या हाती गेली.

अर्जात वंशाचा रकाना नव्हता. प्रोग्रॅम नाव आणि जन्मस्थळ पाही. नाव बिगर-युरोपीय वाटले की १५ गुणांचा फटका. मुलगी असेल तर सरासरी ३ गुणांचा.

हा दुजाभाव यंत्राने शोधून काढलेला नव्हता. परीक्षकांच्या जुन्या निवडीचा कित्ता तो गिरवत होता आणि ९० ते ९५ टक्के वेळा त्याचे निकाल त्यांच्याशी जुळत.

१९८६ मध्ये तिथल्याच दोन अध्यापकांनी वांशिक समता आयोगाकडे तक्रार केली. वर्षाकाठी ६० जणांची मुलाखत यापायी हुकली असावी, असे १९८८ मध्ये चौकशीअंती समोर आले. गंमत अशी, की बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांचे प्रमाण इथे लंडनच्या बहुतेक मेडिकल कॉलेजांपेक्षा जास्तच होते.

पुढे कॉलेजने आधी नाकारलेल्या तिघांना प्रवेश देऊ केला.