ठाकूरद्वार

दक्षिण मुंबईतील गिरगावचा एक जुना भाग. येथील ठाकूरद्वार मंदिरावरून हे नाव पडले. जगन्नाथ शंकरशेट मार्ग या भागातून जातो. पश्चिमेस चर्नी रोड स्थानक व त्यापलीकडे समुद्र. या समुद्राच्या, म्हणजे बॅकबेच्या, काठाने रेल्वे आली, पुढे भराव घालून मरीन ड्राइव्ह झाला, तसा समुद्र वस्तीपासून दूर सरला.

जवळची खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजातील कुटुंबांनी येथे घरे बांधली. लाकडी कठड्याचा व्हरांडा, बाहेरून चढणारा जिना, उतरते कौलारू छप्पर आणि रंगीत झडपांच्या खिडक्या हे या घरांचे रूप. मुंबईत इतकी देखणी गल्ली क्वचितच उरली आहे. तिच्यातली अनेक घरे मात्र पाडली गेली, ही मोठी हानी होय.

गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होतो. फणसवाडीत व्यंकटेश मंदिर, तर केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ (स्थापना १९३५) आहे. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले.