मेंदूत नवीन पेशी तयार होतात का?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठ भागात रुग्णालयांची दाटी आहे. लकवा झालेल्या माणसाला तिथे दाखल केलं की घरच्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: मेंदूतल्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होतील का?

आधी काय मानलं जायचं?
मोठेपणी मेंदूत नवीन चेतापेशी, म्हणजेच न्यूरॉन, तयार होत नाहीत, असाच समज होता. १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांना उंदरांच्या मेंदूत जन्मानंतरही नवे न्यूरॉन दिसले. जागा होती हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग. १९९८ मध्ये माणसातही तसे पुरावे मिळाले.

मोजणी कशी केली?
अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि अन्नातून आपल्या डीएनएत पोचला. त्याच्या प्रमाणावरून पेशीचं जन्मवर्ष कळतं. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी यावरून अंदाज बांधला, की प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नवे न्यूरॉन तयार होतात. मेंदूत एकूण न्यूरॉन आहेत सुमारे ८,६०० कोटी!

वाद कशावरून?
२०१८ मध्ये एका गटाला प्रौढांच्या मेंदूत नवे न्यूरॉन सापडलेच नाहीत, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला वृद्धांमध्येही सापडले. मेंदूचे नमुने कसे जपले, यावर निकाल बराच अवलंबून असतो.

महाराष्ट्रातलं संशोधन
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने ताण आणि नैराश्यावरच्या औषधांचा हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशींवर काय परिणाम होतो, याचा उंदरांवर अभ्यास केला आहे. वैद्य यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

मग लकव्याचं काय?
हे थोडे नवे न्यूरॉन लकव्याने मेलेला भाग भरून काढत नाहीत. तरीही रुग्ण सुधारतो, कारण वाचलेल्या पेशी आपसांत नवी जोडणी करतात आणि गेलेलं काम काही प्रमाणात उचलतात. ही जोडणी सरावाने पक्की होते, म्हणून फिजिओथेरपी मध्येच सोडू नये. 'मेंदूच्या पेशी वाढवणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

सगळ्यात मोलाची असते ती वेळ. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक दिसलं तर लगेच १०८ वर फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.