दोष कोणाचा आणि कारण कोणते?



विमानविद्येचा आमचा अभ्यास शाळा-कॉलेजातला नव्हे. आम्ही कारखान्यातली माणसे. पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचता आले, तेवढीच आमची पुंजी. मग विमानप्रवासाच्या सुरक्षिततेवर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका चौकशीच्या कागदात आहे, आणि त्या कागदावर आमची सही आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका कामगाराची दोन बोटे गेली. मशीनचा गार्ड काढलेला होता, सबब अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. सही केली तर नुकसानभरपाईला आडकाठी येणार नाही, असे आम्हांस सांगण्यात आले. युनियनच्या वतीने आम्ही सही केली आणि आपल्या माणसाचे काम झाले म्हणून समाधान मानले. चार महिन्यांनी त्याच प्रेसखाली दुसऱ्या एका पोराचा पंजा गेला. तेव्हा कुठे रात्रपाळीचे लोक बोलू लागले. प्रेसचा क्लच झिजला होता. पेडल न दाबताही ती मधूनच दुसरा ठोका मारी. तिघाचौघांना हे ठाऊक होते. पण सांगायचे, तर आपणही गार्ड काढून काम करीत होतो हे कबूल करावे लागे, आणि मग चार्जशीट! म्हणून सारे गप्प. आणि दोष एकदा कामगाराच्या नावावर मांडल्यावर क्लच तपासण्याचे कारणच कोणाला उरले नव्हते.

ही बोच घेऊन आम्ही वाचू लागलो, तेव्हा विमानांचा इतिहास हाती लागला. आणि त्यात आमचाच कारखाना दिसू लागला.

१९३५ च्या ऑक्टोबरची ३० तारीख. अमेरिकेत ओहायोमधील राइट फील्ड या तळावर बोइंग कंपनीचे एक नवे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान चाचणीसाठी वर चढले आणि लगेच कोसळले. दोन अनुभवी वैमानिक त्यात गेले. जमिनीवर वाऱ्याने पंख्यापट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उड्डाणापूर्वी काढावयाचा राहून गेला होता. वैमानिक विसरला, असे म्हणून फाईल मिटविता आली असती. पण लष्करी वैमानिकांनी निराळा विचार केला. चालविणारा कसलेला होता, तरीही विसरला. म्हणजे स्मरणावर विसंबण्याची रीतच अपुरी आहे. त्यांनी करावयाच्या गोष्टींची क्रमवार यादी तयार केली आणि ती मोठ्याने वाचून उड्डाण करण्याचा प्रघात पाडला. आज जगातील प्रत्येक प्रवासी विमानात ती यादी वाचली जाते.

दुसरी गोष्ट ब्रिटिशांच्या कॉमेट विमानाची. जेटवर चालणारे हे पहिले प्रवासी विमान १९५२ च्या मे महिन्यात सेवेत आले. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून मोडले; ४३ माणसे गेली. वादळाचा तडाखा बसला असेल, किंवा वैमानिकाचा ताबा सुटला असेल, असे चौकशीत ठरले. विमाने उडत राहिली. जानेवारी १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ ३५, आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळच्या समुद्रात २१ माणसे गेली. तेव्हा फार्नबरोच्या संशोधकांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बसविले आणि उड्डाणात हवेचा दाब चढतो-उतरतो तसा पाण्याचा दाब पुनःपुन्हा चढवून पाहिला. सुमारे ३,००० वेळा दाब सोसल्यावर विमानाची काया फाटली. धातूसुद्धा थकतो! तो शिणवटा कोणत्याही वैमानिकाच्या डोळ्यांस दिसणारा नव्हता.

परंतु आमच्या मनात सर्वांत खोल रुतलेली हकीकत १९७४ ची आहे. त्या वर्षी १ डिसेंबरला वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे विमान व्हर्जिनियातील एका डोंगरावर आदळले. ९२ माणसे होती. एकही वाचले नाही. जमिनीवरच्या नियंत्रकाने ‘उतरण्याच्या मार्गास परवानगी आहे’ असे सांगितले. वैमानिकांनी त्याचा अर्थ १,८०० फुटांपर्यंत खाली या असा घेतला. उंचीची काळजी वैमानिक घेतील, असे नियंत्रकाने धरले. मध्ये डोंगर होता. दोष कोणाचा, यावर चौकशी मंडळातच दोन तट पडले.

आणि मग उघडकीस आले, की अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच ठिकाणी, याच गैरसमजाने खाली आले होते आणि थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळविले. कंपनीने आपल्या लोकांना सावध केले. पण ती बातमी कुंपणापलीकडे गेली नाही. श्रोतेहो, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो. आमच्या रात्रपाळीची मंडळी डोळ्यांपुढे उभी राहिली.

१९७५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने चुका कळविण्याची योजना काढली. परंतु जे खाते दंड करते, त्याच्याकडे आपली चूक कोण सांगणार? म्हणून १९७६ पासून हे काम नासा या संशोधन संस्थेकडे देण्यात आले. नासाच्या हाती ना दंड, ना परवाना. कळविणाऱ्याचे नाव असलेली पट्टी फाडून त्याची त्याला परत केली जाते. दहा दिवसांच्या आत कळविले, चूक हेतुपुरस्सर नसली आणि प्रकरण गुन्ह्याचे वा अपघाताचे नसले, तर दंडातून सूट मिळते. आजवर दहा लाखांहून अधिक वृत्तान्त असे जमा झाले आहेत.

येथे एक खुलासा अवश्य आहे. दारू पिऊन मशीन चालविणाऱ्यास, किंवा जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यास सोडून द्या, असे कोणी म्हणत नाही. आम्हीही म्हणत नाही. प्रामाणिक चूक आणि बेदरकारपणा यांतला फरक केलाच पाहिजे. मात्र प्रत्येक चुकीला गुन्हा ठरविले, की चुका थांबत नाहीत. फक्त त्या सांगणारे थांबतात.

आणि शिकलेला धडा कायम टिकतो, असेही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात बोइंगची ७३७ मॅक्स विमाने पडली. दोन्ही मिळून ३४६ माणसे गेली. एकाच मोजमाप-यंत्राच्या चुकीच्या खुणेवरून विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी व्यवस्था त्यांत बसविली होती, आणि पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीसुद्धा नव्हती. तरी पहिल्या अपघातानंतर वैमानिकांकडे बोट दाखविणारे पुष्कळ निघाले. दुसरा अपघात झाल्यावरच जगभर ती विमाने जमिनीवर आली.

आपल्यापैकी कोणी बँकेत असेल, कोणी दवाखान्यात, कोणी एस. टी.च्या डेपोत. उद्या एखादा चौकशीचा कागद तुमच्याही पुढे येईल, आणि त्यावर एका माणसाचे नाव आधीच लिहिलेले असेल. सही करण्यापूर्वी एवढेच विचारा: याच्याआधी हे कोणाला दिसले होते, आणि तो का बोलला नाही? आम्ही हा प्रश्न एकदा विचारला नाही. त्या पोराचे वय तेव्हा एकवीस होते.