एकरेषीय फोटॉन

एकरेषीय फोटॉन म्हणजे अतिवेगवान विद्युतभारित कणाकडून त्याच्या गतीच्या जवळजवळ त्याच दिशेने उत्सर्जित होणारा फोटॉन. ही संज्ञा पुंज विद्युतगतिकीत वापरली जाते. ही फोटॉनची निराळी जात नव्हे; नाव केवळ दिशेवरून पडले आहे. भूमितीतील एकरेषीय बिंदू नेमके एका रेषेवर असतात, येथे मात्र कोन अत्यल्प असणे पुरते. मृदू फोटॉनशी त्याची गल्लत होऊ नये. मृदू फोटॉनची ऊर्जा अल्प व दिशा कोणतीही असते. एकरेषीय फोटॉन मूळ कणाची बरीचशी ऊर्जाही नेऊ शकतो.

स्वरूप

मुक्त इलेक्ट्रॉन एकटा फोटॉन उत्सर्जित करू शकत नाही; ऊर्जा व संवेग यांची अक्षय्यता आड येते. प्रकीर्णनात मात्र उत्सर्जन घडते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान शून्य मानले, तर एकटा इलेक्ट्रॉन आणि तीच ऊर्जा वाटून घेऊन एकाच दिशेने जाणारी इलेक्ट्रॉन-फोटॉन जोडी यांची एकूण ऊर्जा व संवेग समान ठरतात आणि उत्सर्जनाची संभाव्यता अनंत येते. प्रत्यक्षात वस्तुमान अल्प असले तरी शून्य नाही, म्हणून अनंताऐवजी मोठा लॉगरिदम उरतो. ९१ जीईव्ही ऊर्जेच्या टकरीत तो सुमारे २४ असतो. त्यामुळे एरवी ०.२ टक्क्यांच्या आसपास राहणारी दुरुस्ती ५ टक्क्यांपुढे जाते.

भेद न करता येणाऱ्या सर्व अवस्थांची बेरीज घेतल्यास ही अनंते परस्परांना छेदतात, हे किनोशिता (१९६२) तसेच ली व नाउएनबर्ग (१९६४) यांनी दाखवले.

भाभा प्रकीर्णन

मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी केंब्रिज येथे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रकीर्णनाचे गणित मांडले; ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. जिनिव्हाजवळील एलईपी त्वरकात (१९८९–२०००) लहान कोनातील भाभा प्रकीर्णनाच्या घटना मोजून टकरींचे प्रमाण ठरवीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ तेथील एल३ प्रयोगात सहभागी होते. मोजणी एका सहस्रांशाहूनही अचूक हवी असल्याने एकरेषीय फोटॉन दुर्लक्षून चालत नसे. ४५ जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनसाठी या उत्सर्जनाचा वैशिष्ट्यपूर्ण कोन सुमारे ०.००००११ रेडियन असतो, म्हणजे १० मीटरवर जेमतेम ०.१ मिलिमीटर. इतक्या जवळच्या दोन कणांची ऊर्जा ऊर्जामापक एकत्रच नोंदवतो. म्हणून टकरीनंतरच्या फोटॉनचा परिणाम बहुतांशी नाहीसा होतो. टकरीपूर्वी सुटलेला फोटॉन मात्र शलाकेच्या नळीतूनच निसटतो, टकरीची ऊर्जा घटवतो आणि त्याची भरपाई गणितानेच करावी लागते.