बहात्तरचा दुष्काळ आणि आमची आई

एरवी इथं ज्वारी, डाळिंब, पाणी यावरच लिहितो. आज आईवर लिहितोय. फाल्गुनात आई गेली. पंचाहत्तरी ओलांडलेली होती, नेमकी जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. शाळेत गेली नाही, आयुष्यभर अंगठाच. पण आमच्या सांगोला तालुक्यातला बहात्तरचा दुष्काळ मला कळला तो तिच्याच तोंडून.

1972 साली मी दोन वर्षांचा. त्याआधीची सालं पण पावसानं ओढच दिली होती. त्या वर्षी खरीप गेलं आणि हस्ताचा पाऊस आला नाही म्हणून रब्बीची पेरच झाली नाही. आमचा भाग रब्बीचा. मालदांडी पिकली तर माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा. दोन्ही गेलं. आबांनी बैलजोडी मिळेल त्या भावात दिली.

मग सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामावर होती. त्यात निम्म्याच्या आसपास बाया. आई त्यातली एक. आबा टिकाव मारायचे, आई डोक्यावर चुंबळ ठेवून मुरमाची घमेली वाहायची. माझी झोळी बाभळीला बांधलेली. दुपारी सुकडी मिळायची, त्यातली मूठभर ती पदरात बांधून सासूला आणायची. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. त्याची भाकरी थापताना मोडायची, म्हणून आई उकळत्या पाण्यात पीठ मळायची. पुढं नातवंडांनी ताटात भाकरी टाकली की ती रागवायची नाही, तो तुकडा उचलून स्वतः खायची. पोरं आपोआप शिकली.

त्या दुष्काळातून एक मोठी गोष्ट निघाली, ती म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम हा विचार लावून धरला. 1977 ला राज्यात कायदा झाला, 1979 पासून तो लागू झाला. 2005 साली देशानं तसाच कायदा केला. पुस्तकात पागेसाहेबांचं नाव आहे, ते असायलाच पाहिजे. पण उन्हात घमेली वाहून ज्यांनी हे काम उभं केलं, त्यांची नावं हजेरीच्या मस्टरवर होती आणि ती मस्टरं आता कुठं असतील कुणास ठाऊक.

आमच्या गावचा पाझर तलाव त्याच कामातला. पोटात काळी माती, बाहेरनं मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग. त्याला कालवा नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. आमची डाळिंबाची बाग त्याच विहिरीवर आहे. तलाव भरला की आई नातवंडांना घेऊन भरावावर जायची. म्हणायची, "पाणी काय बघताय, खालच्या अंगाला माती वली झालीय का ते बघा." गळती लागली की भराव जातो, हे तिला कुठल्या इंजिनिअरनं सांगितलं नव्हतं. एकदा नातीनं विचारलं, "आजी, ह्यात तुझी माती कुठली गं?" तर म्हणाली, "मधली कुठलीतरी. आम्ही काय खुणा करून टाकली व्हय?"

आज त्या तलावात गाळ बसलाय. गाळानं तळ बंद झाला की पाणी दिसतं, पण मुरत नाही, सगळं उन्हानं उडून जातं. भरावावर वेड्या बाभळी वाढल्यात. त्यांची मुळं कुजली की आत पोकळी होते आणि तिथून पाणी वाट काढतं. काहींनी तर भरावाचा मुरूम घर भरायला नेला. बघून जीव तुटतो.

या उन्हाळ्यात आम्ही दहा-बारा जण गाळ काढणार आहोत. मुरूम लागला की थांबायचं, पिचिंगला हात लावायचा नाही. गाळ माळरानाच्या रानात टाकू. आईच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता तो पैसा डिझेलला द्यायचं भावाभावांनी ठरवलंय.

मंडळी, तुमच्या घरात बहात्तरला कामावर गेलेली आई, आजी अजून असेल तर तिच्याजवळ बसा. कुठल्या तलावावर होती, कुठल्या रस्त्यावर होती, ते विचारून लिहून ठेवा.