पाऊण लाख मैलांचे वर्ष

सायकल ही वस्तू इतकी घरोघरची आहे, की तिलाही इतिहास असेल ही कल्पना सहसा आपल्या मनात येत नाही. तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून आपल्यापैकी पुष्कळांनी पहिले पॅडल मारले. पुढे कॉलेजात, कचेरीत, मंडईत ती आपल्याबरोबर आली आणि एके दिवशी जिन्याखाली जाऊन उभी राहिली. पण याच साध्या यंत्रावर बसून एका वर्षात माणूस जास्तीत जास्त किती अंतर तोडू शकेल, असा प्रश्न काही माणसांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्याचे एक सबंध वर्ष पणाला लावले. त्या माणसांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

या उच्चांकाचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. शर्यतीत एक दिवस साधला की पुरे. अंगात बळ आहे, वारा अनुकूल आहे, नशीबही बरोबर आहे, असा एखादा दिवस कोणाच्याही वाट्याला येतो. वर्षाच्या उच्चांकाला असा एकच दिवस पुरत नाही. त्यात ताप येतो, बर्फ पडते, टायर फाटतो, मन विटते. दोनशे मैलांचा रोजचा नेम धरला आणि एक दिवस घरी बसले, तर पुढचे वीस दिवस दहा-दहा मैल जादा तोडल्यावाचून फिटंफाट होत नाही. या हिशेबात सुट्टी मिळत नाही, फक्त उधारी मिळते. म्हणून हा उच्चांक वेगाचा नसून नेमाचा आहे, असे आमचे म्हणणे आहे; आणि ज्यांनी त्याला केवळ पायांचा पराक्रम मानले, त्यांच्या हातून पुढे एका थोर स्वाराला कसा अन्याय घडला, तेही आपण पाहू.

प्रारंभ झाला तो 1911 साली. इंग्लंडात 'सायकलिंग' नावाचे एक साप्ताहिक होते. एका दमात शंभर मैलांची फेरी पुरी करणे याला तिकडील स्वार क्रिकेटप्रमाणेच 'शतक' म्हणत. वर्षभरात अशी अधिकांत अधिक शतके कोण करतो, अशी चढाओढ या साप्ताहिकाने लावली. मार्सेल प्लेन्स नावाच्या तरुणाने 332 शतके करून ती जिंकली. त्याचे वर्षाचे अंतर भरले 34,366 मैल. यातला हिशेब मोठा बोलका आहे. 332 शतकांचेच 33,200 मैल होतात. म्हणजे शंभरी भरली, की हा गृहस्थ बहुधा सायकल भिंतीला टेकवीत असावा. शंभर मैलांचा नेम त्याने पाळला आणि त्यापलीकडची हाव धरली नाही. त्याचा आकडा वीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला.

मग उजाडले 1930 नंतरचे दशक, आणि या संथ नेमाला एकाएकी भरती आली. 1932 साली आर्थर हंबल्सने 36,007 मैलांची मजल मारली. लगेच 1933 साली ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकल्सनने 43,966 मैल करून तो मान समुद्रापलीकडे नेला. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांची क्रिकेटमधील चुरस त्या वेळी किती विकोपाला गेली होती, हे आपणांस ठाऊक आहेच. तीच चुरस आता सायकलीच्या सीटवर येऊन बसली. 1936 साली वॉल्टर ग्रीव्ह्ज या इंग्रजाने 45,383 मैल करून उच्चांक परत आणला. या ग्रीव्ह्जला एकच धड हात होता. हँडल सांभाळणे, ब्रेक दाबणे, गिअर बदलणे ही सगळी कामे त्या एका हाताने करीत त्याने इंग्लंडचा हिवाळा काढला. 1937 साली रेने मेंझीज या पन्नाशीला टेकलेल्या फ्रेंच गृहस्थाने 61,561 मैल तोडले आणि त्याच वर्षी निकल्सनने 62,657 मैल करून त्याच्यावर ताण केली.

पाच वर्षांत आकडा पाऊणपट वाढला, तो माणसाचे पाय एकाएकी बळकट झाले म्हणून नव्हे. गिअरची सोय सुधारली होती, आणि मुख्य म्हणजे सायकल बनविणाऱ्या कंपन्यांच्या ध्यानात आले होते, की वर्षभर न मोडणारी सायकल हीच सायकलीची उत्तम जाहिरात. स्वाराला कंपनीकडून पोटापाण्याची तरतूद होऊ लागली. हौस आणि धंदा यांची अशी गाठ पडली. या गाठीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. माणूस खरोखरच इतके मैल गेला, हे ठरविणार कोण? यासाठी योजलेली पद्धत आम्हांला फार मनोज्ञ वाटते. सायकलीला मैल मोजणारे यंत्र लावलेले असे. पण केवळ यंत्रावर विसंबत नसत. स्वार आपल्याबरोबर छापील पत्रे बाळगी, वाटेत भेटलेल्या साक्षीदारांच्या त्यांवर सह्या घेई आणि ती पत्रे साप्ताहिकाच्या कचेरीकडे टपालाने रवाना करी. गावोगावच्या अनोळखी माणसांच्या साक्षीवर हा सारा डोलारा उभा होता. साक्ष कच्ची पडली, की आकडा कितीही मोठा असो, तो टिकत नसे. 1972 साली एका इंग्रज स्वाराने ऐंशी हजारांवर मैल केल्याचे सांगितले. गिनीजच्या ग्रंथात त्याची नोंदही झाली. पण पुढे शंका निघाल्या आणि ती नोंद गाळण्यात आली.

1938 साली या कथेत एका स्त्रीने प्रवेश केला. बिली डोव्ही ही चोवीस वर्षांची लंडनची तरुणी. तिला सायकल दिली रज-व्हिटवर्थ कंपनीने. दिवसभर सायकल चालवायची आणि संध्याकाळी ज्या गावी मुक्काम पडेल तेथे व्यायामाचे महत्त्व सांगणारे व्याख्यान द्यायचे, असा तिचा क्रम असे. आपल्यासारख्या व्याख्यानाच्या श्रोत्यांना तिचे कौतुक विशेष वाटावे. कारण ऐंशी मैल सायकल मारून आलेला वक्ता आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही. वर्षाअखेर तिचे अंतर झाले 29,603.7 मैल. स्त्रियांमधील हा उच्चांक 2016 पर्यंत कोणीही मोडला नाही. बिलीबाई स्वतः शंभर वर्षे जगल्या आणि 2014 साली वारल्या.

आता आपण या कथेच्या नायकाकडे येऊ. टॉमी गॉडविन याचा जन्म 1912 साली इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या कारखान्यांच्या शहरात झाला. घरची गरिबी, बाराव्या वर्षापासून घरोघर सामान पोचविणाऱ्या पोऱ्याचे काम. धन्याच्या सायकलीला पुढे लोखंडी टोपली होती. चौदाव्या वर्षी शर्यतीत उतरायचे ठरले, तेव्हा त्याने ती टोपली कापून काढली आणि त्याच सायकलीवर पंचवीस मैलांची शर्यत पासष्ट मिनिटांत जिंकली, असे सांगतात. हा गडी शाकाहारी होता. दूध, पाव, अंडी आणि चीज हा त्याचा वर्षभराचा मुख्य आहार.

1939 सालच्या पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता तो निघाला. त्याच उद्देशाने आणखी दोघे निघाले होते. त्यांपैकी एडवर्ड स्वान 939 मैलांनंतर अपघात होऊन बाद झाला. दुसरा बर्नार्ड बेनेट मात्र वर्षभर टिकला. गॉडविनची सायकल पोलादी; दिव्यांसह तिचे वजन तीस पौंडांहून अधिक. पहिले दोन महिने निकल्सनच्या वेळापत्रकाच्या मानाने तो मागेच होता. हिवाळ्यात इंग्लंडात दिवस सात-आठ तासांचा. उरलेली वाट अंधारात काढायची. उन्हाळा आला तसा त्याने हात सैल सोडला. 21 जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्या एका दिवसात त्याने 361 मैल काटले. आधी एका लहान कारखानदाराचा त्याला आधार होता. पुढे त्या सुप्रसिद्ध रॅले कंपनीने त्याची जबाबदारी उचलली.

सप्टेंबरात महायुद्ध पेटले. शत्रूच्या विमानांच्या भीतीने सबंध इंग्लंडात रात्री दिवेबंदी झाली. रस्त्यावर दिवा नाही, खिडकीतून उजेड नाही, आणि सायकलीच्या दिव्यावरही पट्ट्या चिकटविलेल्या. अशा काळोखातून तो रोजचे मैल पुरे करीत राहिला. 26 ऑक्टोबर रोजी, म्हणजे वर्ष सरायला दोन महिने असताना, त्याने निकल्सनचा आकडा मागे टाकला. वर्षाअखेर बेनेटचे 65,127 मैल झाले होते. तेही जुन्या उच्चांकाहून अधिकच. गॉडविनचे झाले 75,065 मैल.

पाऊण लाख मैल! रोजची सरासरी दोनशे पाच मैलांच्या वर. ताशी पंधरा-सोळा मैलांनी गेले, तरी दररोज तेरा तास सीटवर. पृथ्वीच्या घेरास तीन प्रदक्षिणा होतील इतके हे अंतर. तुलनेसाठी आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. 1923 साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 साली परत पोचले. वाळवंटे आणि जंगले ओलांडीत साडेचार वर्षांत ते सुमारे 44,000 मैल हिंडले. त्यांचे साहस निराळ्या जातीचे होते; त्यांना जग पाहायचे होते. गॉडविनने नवे काही पाहिले नाही. त्याच त्या बेटावरच्या त्याच त्या रस्त्यांवरून तो रोज जात राहिला, आणि नेमाची खरी परीक्षा होते ती अशा ओळखीच्या रस्त्यावरच.

वर्ष संपले तरी तो थांबला नाही. एक लाख मैल पुरे करण्यासाठी तो तसाच पुढे निघाला आणि मे 1940 मध्ये, पाचशे दिवसांत, त्याने लाखाचा आकडा गाठला. सायकलीवरून उतरला तेव्हा चालण्याची सवयच पायांना उरली नव्हती. ती पुन्हा लावून घ्यायला काही आठवडे गेले. मग तो विमानदळात दाखल होऊन युद्धावर गेला.

युद्ध संपल्यावर गॉडविन परत आला तो एक साधी इच्छा घेऊन: पूर्वीसारखे हौशी म्हणून शर्यतीत भाग घ्यावा. परंतु त्या खेळाचे नियम कडक होते. हौशी तो हौशी आणि धंदेवाईक तो धंदेवाईक. उच्चांकासाठी कंपनीचे पैसे घेतले, त्या अर्थी हौशीपणा कायमचा गेला, असे नियामकांनी सांगितले. सोबत्यांनी अर्ज केला, त्यावर सह्या गोळा केल्या. उपयोग झाला नाही.

नियामकांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. हौशी खेळात पैसा शिरला, की गरीब पण गुणी खेळाडू मागे पडतो ही त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. पण येथे नियमाचा परिणाम उलटा झाला. ज्याच्या घरी वर्षभर बसून खाण्याइतके आहे, तोच पैसे न घेता असे वर्ष काढू शकतो. सामान पोचविणाऱ्या पोऱ्याने काय करावे? गरिबाच्या रक्षणासाठी केलेला नियम गरिबावरच चालला. ज्यांच्या सह्यांवर त्याचा उच्चांक मान्य झाला, ती माणसे रस्त्यावरची साधी माणसे होती. आणि ज्यांनी त्याला दार लावले, ते त्याच खेळाचे कारभारी होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

गॉडविनने या गोष्टीचा कडवटपणा धरून बसण्याऐवजी तरुण स्वारांना शिकविण्याचे काम पत्करले. स्टोन या जवळच्या गावच्या सायकल-मंडळात त्याने ते निष्ठेने केले. 1975 साली सोबत्यांबरोबर टटबरीच्या किल्ल्यापर्यंत सायकलीने जाऊन परत येत असता वाटेतच त्याला मृत्यू आला. वय त्रेसष्ट. त्याच्या गावी त्याच्या नावाची पाटी लागली ती 2005 साली.

त्याचा वर्षाचा आकडा मात्र पंचाहत्तर वर्षे उभा होता. 2015 साली पुन्हा काही जण सरसावले. इंग्लंडचा स्टीव्ह अब्राहम मार्चअखेर एका मोपेडच्या धडकेने घोटा मोडून पडला. तरीही तीनचाकी सायकलीवर एका पायाने पॅडल मारीत काही काळ त्याने नेम टिकविला. अमेरिकेच्या कर्ट सर्व्होगेलने जानेवारी 2016 मध्ये 76,076 मैल पुरे केले. मग अमांडा कोकर या तरुणीने मे 2016 ते मे 2017 या वर्षात 86,573 मैल करून स्त्री-पुरुष सर्वांनाच मागे टाकले. 2011 साली मोटारीच्या धडकेने हिच्या मेंदूस जबर इजा झाली होती. म्हणून वाहत्या रस्त्याऐवजी फ्लोरिडातील एका उद्यानातला सुमारे सात मैलांचा वाटोळा मार्ग तिने निवडला आणि रोज त्याच्या फेऱ्या घातल्या.

या नव्या स्वारांजवळ हलक्या सायकली होत्या, सपाट रस्ते होते, आणि साक्षीसाठी सह्यांच्या पत्रांऐवजी उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र होते. असे असूनही सर्व्होगेलचा आकडा गॉडविनच्या पुढे गेला तो सुमारे हजार मैलांनीच. दिवसास तीन मैलही नव्हेत. साधने इतकी सुधारली आणि फरक पडला तो एवढाच. वर्षाला दिवस तेवढेच असतात, दिवसाला तास तेवढेच, आणि रोज पहाटे उठून सीटवर बसण्याचे काम कोणतेही यंत्र माणसाच्या वतीने करीत नाही.

असल्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. व्यवहारातला उपयोग फारसा नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण माणसाच्या शक्तीची मोजदाद आपण नेहमी त्याच्या सर्वोत्तम दिवसावरून करतो. या माणसांनी ती तीनशे पासष्ट दिवसांवरून करून दाखविली, आणि त्या दिवसांत वाईट दिवसही आले. एका हाताच्या ग्रीव्ह्जने, व्याख्याने देणाऱ्या बिलीबाईंनी आणि दिवेबंदीच्या काळोखातून जाणाऱ्या टॉमी गॉडविनने जे सिद्ध केले, ते सामान्य माणसाच्या आवाक्यातल्याच एका गुणाच्या बळावर. त्या गुणाला आपल्या भाषेत नेम म्हणतात. त्याची कदर करताना तो कोणाच्या पैशावर पाळला गेला एवढेच पाहणारे कारभारी त्या काळी तिकडे होते. तसे ते सर्वकाळी आणि सर्वत्र असतात. त्यांच्या वहीबाहेर राहिलेली माणसे आपल्या वहीत उतरवून घेणे हे इतिहासाचे काम आहे.